पालकांशी पाच मिनिटं

शुक्रवारी दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन मी खाली आले आणि कस्तुरीच्या खोलीच्या दाराशी माझ्या आईचं नाव कानावर पडलं. इंदुबाई. तेही इंग्रजी वाक्याच्या मधोमध, 'द' चा 'ड' करून. दार लोटलेलं होतं, आत एसीचा आवाज, आणि माझी मुलगी लॅपटॉपसमोर ताठ बसून उद्याच्या मुलाखतीची तयारी करत होती. "मी आठ वर्षांची होते," ती इंग्रजीत सांगत होती, "आजीचा पदर धरून तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होते. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. वकिलानं तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. त्या दिवशी मी ठरवलं." मग लॅपटॉपमधून तिच्या क्लासच्या गौरव सरांचा आवाज आला, की छान, फक्त 'त्या दिवशी'च्या आधी जरा थांब, एक श्वास घे. माझी मुलगी थांबली, तिनं एक श्वास घेतला, आणि पुन्हा म्हणाली, "त्या दिवशी मी ठरवलं." मी पॅसेजमध्ये कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी. बहारीनच्या नईम भागातल्या ह्या जुन्या बिल्डिंगीत पॅसेजला एसी नाही, कपडे उन्हानं तापलेले, मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती आणि मला हलता येत नव्हतं.

कारण आठ वर्षांची मी होते. पदर मी धरला होता. कस्तुरीचा जन्म व्हायला तेव्हा वीस वर्षं होती. आमच्या गावात जयंतीची मिरवणूक चावडीपुढून न्यायची की नाही ह्यावरून मारामारी झाली, माझ्या वडिलांचा, दादांचा, हात मोडला तो पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि केस तालुक्याला उभी राहिली. आई साक्षीदार होती. दर तारखेला ती मला बरोबर न्यायची, एसटीत मला उलटी व्हायची म्हणून पिशवीत लिंबू ठेवायची. सरकारनं दिलेला आमचा वकील होता, पानाची पिंक टाकायला व्हरांड्याच्या कडेला जायचा आणि तिथूनच बोलायचा. एका तारखेला म्हणाला, समेट करा बाई, गावात राहायचंय ना तुम्हाला. आणि कागद पुढं केला. आता हे नीट ऐका, कारण कस्तुरीच्या गोष्टीत नेमकं हेच नाही. माझ्या आईला सही येत होती. त्या वर्षी वस्तीतल्या साक्षरता वर्गाला ती दिवसभर खुरपून आल्यावर जायची, पाटीवर, चुलीपुढच्या जमिनीवर, पिठात, दिसेल तिथं 'इंदुबाई' लिहायची. त्या दिवशी तर तिनं येताना शेजारच्या मास्तरांचं पेन मागून घेतलं होतं, ते पदराच्या टोकाला गाठीत बांधलं होतं. वकिलानं वर बघितलंच नाही. एका हातानं शाईची डबी उघडली, दुसऱ्या हातानं तिचा अंगठा धरला आणि काम उरकलं. मी तोंड उघडणार तर तिनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. स्टँडवर तिनं नळाखाली अंगठा धुतला, माती लावून धुतला, आणि म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही, दादांना तर नाहीच. समेटाचं नव्हे, अंगठ्याचं. समेट तर अख्ख्या गावाला कळणारच होता.

मी नाही सांगितलं. नवऱ्यालासुद्धा सांगायला मला लग्नानंतर कितीतरी वर्षं लागली. कस्तुरीला मागच्या वर्षी सांगितलं, आम्ही दोघी समुद्रावरच्या फिरायच्या रस्त्यानं चालत होतो तेव्हा. ती म्हणाली होती, मम्मा, मला खरंच लॉ करायचंय, जयंतीच्या स्टेजवर बोलतात तसं नाही. स्टेजवर काय बोलतात ते सांगायला हवं. इथं आमच्या लोकांची जयंती चौदा एप्रिलला होत नाही, जवळच्या शुक्रवारी होते, एखाद्या रेस्टॉरंटचा वरचा हॉल घेऊन. बुकिंग करताना फॅमिली गेट-टुगेदर म्हणायचं, उगाच कुणाच्या भुवया उंचावायला नकोत. बायका पांढऱ्या साड्या नेसतात, पुरुष निळे टाय लावतात, वंदना होते, आणि मग पोरांना एकेक करून स्टेजवर चढवतात. जय भीम म्हणायचं आणि मोठेपणी कोण होणार ते सांगायचं. आमची पोरं सगळी वकील होणार असतात. पाच वर्षांचं पोरगंसुद्धा माइक तोंडात घालून 'बॅरिस्टर' म्हणतं आणि हॉल टाळ्यांनी दणाणतो. पुढं त्यातलं कुणी डिप्लोमा करतं, कुणी आयटीत जातं, कुणी बापाच्याच कंपनीत स्टोअरला लागतं. एवढ्या वर्षांत त्या स्टेजवरून एकही वकील उतरला नाही. कसा उतरणार? कुणाच्या सात पिढ्यांत कुणी वकील नाही, कुठली परीक्षा, कुठला क्लास, कुणाला विचारायचं तेच माहीत नाही. आम्हाला फक्त फोटो माहीत. कोटातला, पुस्तक हातात घेतलेला. फोटोला हार घालायचा आणि पोराला मेकॅनिकलला घालायचं.

तर ही माझी पोरगी म्हणाली, स्टेजवरचं नाही, खरंच. आणि मी लागले कामाला. मी सलमाबादला एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, दिवसभर लोकांचे कागद जागच्या जागी ठेवते, म्हटलं आपल्या लेकीचे नाही का जमणार. नाही जमले. बारावी बहारीनची, म्हणून महाराष्ट्राच्या राखीव जागेत ती महाराष्ट्राची नव्हे. बाप बहारीनला, म्हणून एनआरआय कोट्यात या म्हणाले, आणि त्याची फी ऐकून आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर लहू, नुसते हसले. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची तपासणी करणाऱ्या माणसाला हे लोक शेख समजतात. देशपातळीवरच्या परीक्षेत थोडक्यात हुकलं. पहिल्याच फटक्यात, घरात कुणी सांगणारं नसताना एवढ्या जवळ गेली म्हणून मला खरं तर अभिमान वाटला होता, पण अभिमानावर ॲडमिशन मिळत नाही. मग हे एक उरलं. पुण्याकडचं एक खाजगी लॉ कॉलेज, मोठं, काचेच्या इमारती, आणि त्यांची योजना, की ज्या समाजांतून वकील आले नाहीत तिथली मोजकी मुलं पूर्ण फी माफ करून घ्यायची. हे मिळालं नाही तर कस्तुरी इथंच कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरवर बसणार आणि कॉरस्पाँडन्सनं बी.कॉम. करणार, कारण ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू झालंय आणि पुढच्या वर्षी आमचा व्हिसा असेल की नाही हे आम्हालाच ठाऊक नाही.

गौरव सर वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. इथं एका बँकेच्या लीगल खात्यात आहे, पुण्याचा, अदलिया भागातल्या आपल्या घरी मुलांना शिकवतो, आमच्याकडून तर काही घेतलंसुद्धा नाही. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोनं चहा दिला, चांगल्या कपात दिला, हेही माझ्या लक्षात राहिलं. आपल्याला ह्या गोष्टी लक्षात राहतात ह्याचाच मला कधी कधी वीट येतो. तो म्हणाला, मॅडम, मार्क सगळ्यांचे सारखेच असतात, पॅनेलला कहाणी लागते, घरात काही घडलंय का? डॉक्टर विचारतो ना, घरात कुणाला शुगर आहे का, तसं. मी आठवून आठवून सांगितलं. इथं आल्यावर ज्या मराठी बायकांच्या भिशीत मी होते, तिथं एकीनं माझं माहेरचं आडनाव विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून भिशी बंद झाली म्हणून मला सांगण्यात आलं. ती चालू होती. ऑफिसातला एक मराठी माणूस मला रोज लिफ्ट द्यायचा, त्यानं माझ्या मोबाइलवर बुद्धाचा फोटो बघितला, मग त्याची गाडी रोज गॅरेजला असायची. गौरव सरांनी मान हलवून हलवून ऐकलं. म्हणाला, हे वाईटच आहे हो, पण हे कसं, दिसत नाही. माझं दुःख कमी पडलं. बारा-पंधरा वर्षं गिळलेलं दुःख, आणि ते मापात बसलं नाही. मी चहा संपवला आणि कस्तुरीला तिथं ठेवून घरी आले. मागं काय ठरलं ते मला आज, कपडे हातात घेऊन, पॅसेजमध्ये कळत होतं.

तो कॉल संपल्यावर मी आत गेले. कपडे पलंगावर टाकले. म्हटलं, "हे काय बोलत होतीस?" ती आधी गडबडली, मग हेडफोन गुंडाळत म्हणाली, "मम्मा, ती आपलीच स्टोरी आहे ना?" म्हटलं, आपली नाही, माझी आहे, आणि माझीही नाही, आजीची आहे. ती म्हणाली, सर म्हणतात उमेदवारानं स्वतः पाहिलेलं हवं, आईनं पाहिलेलं चालत नाही, ते ऐकीव होतं. ऐकीव. माझ्या मनगटात रुतलेली बांगडी ऐकीव झाली. म्हटलं, ते एक वेळ राहू दे, पण आजीला लिहिता येत नव्हतं हे कुठून आणलंस? आजी पेन घेऊन गेली होती, मी सांगितलं होतं तुला. कस्तुरीनं खाली बघितलं. "तेही मी सांगितलं होतं सरांना. ते म्हणाले, मग कॉम्प्लिकेटेड होतं. ऐकणारा विचारतो की येत होतं तर ती बोलली का नाही. लोकांचा तिथंच गोंधळ होतो." म्हणजे आईला अडाणी केलं. त्या वकिलानं न बघता केलं होतं, ह्यांनी सगळं नीट ऐकून घेऊन केलं. मला इतका संताप आला की मी पलंगावरचे कपडे उचलून पुन्हा घड्या घालायला लागले, ज्यांच्या घड्या घालून झाल्या होत्या त्यांच्यासुद्धा. म्हटलं, वकील व्हायला निघालीस आणि पहिलीच साक्ष खोटी?

तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. इंग्रजीतच बोलली, ती रागावली की मराठी सुटतंच तिचं, पण मी शब्दन् शब्द समजले. म्हणाली, "माझ्या वर्गातली सदफ त्याच कॉलेजला फी भरून चाललीय. तिला कुणी विचारलं का, तुला कुठं लागलंय ते दाखव? मलाच विचारतात. मला काही लागलेलं नाही मम्मा, तूच लागू दिलं नाहीस, एवढी वर्षं इथं राहून. तू मला कुणाच्या घरी पाठवायच्या आधी दहादा विचार करायचीस, मला कळायचं नाही का? आता त्यांना रक्त बघायचंय आणि माझ्याकडे नाहीये. मग मी कुठून आणू?" मी म्हटलं, जे आहे ते सांग. ती म्हणाली, जे आहे ते तू सांगून बघितलंस ना सरांना. काय झालं? माझ्याच पोटची पोर माझ्यासमोर उभी राहून वकिली करत होती आणि चांगली करत होती. त्या क्षणी मला तिचा राग आला, कौतुक वाटलं आणि भीती वाटली, हे तिन्ही एकदमच. जाताना ती एवढंच मराठीत म्हणाली, "उद्या ते पालकांशी पण पाच मिनिटं बोलतात. तू नाही म्हणालीस तर खलास."

संध्याकाळी आई फोनवर आली. दर शुक्रवारी येते, भावाच्या मोबाइलवरून, स्क्रीनवर अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. आता ऐंशीला टेकली. म्हणाली, "पोरीची परीक्षा हाय न्हवं उद्या? तिला म्हणावं, घाबरायचं न्हाई. आपल्याला येतंय ते सांगायचं." मी हो म्हटलं. ती सांगत होती की पेन्शनच्या बँकेत नवा साहेब आलाय, अंगठा का सही विचारत होता, मी म्हणलं सही, आन् मग त्यानंच खुर्ची दिली. किती सहज सांगत होती. तिला विचारावं असं एकदा माझ्या ओठावर आलं होतं. आई, तुझं ते सांगू का लोकांना, सांगितलं तर पोरीचं कल्याण होतंय. ती हो म्हणाली असती. नातीसाठी ती कशालाही हो म्हणाली असती, अडाणी व्हायलासुद्धा, आणि म्हणूनच मला विचारता आलं नाही. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी बूट काढता काढता म्हटलं, "तू काय ते ठरव. पण एक सांगतो, हातचं जाऊ देऊ नको. खरंखोटं बघायला जन्म पडलाय." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि त्या कॉलेजवाल्यांचं तरी काय खरं आहे?" माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या जोडातल्या भेगा शोधतो, घरी आल्यावर त्याला भेग बघायची नसते. मी जेवण वाढलं.

शनिवारी सकाळी कस्तुरीनं पांढरा शर्ट घातला. मी पण साडी नेसले, ऑफिसला कधी नेसत नाही, का नेसले कोण जाणे. हे वर्कशॉपला गेले होते. लॅपटॉपवर तिघं दिसत होते, एक टक्कल असलेले वयस्कर गृहस्थ, एक तरुण प्राध्यापक जो सारखा काहीतरी टाइप करत होता, आणि मधे सुती साडीतल्या, पिकल्या केसांच्या एक बाई. मी बाजूला, कॅमेऱ्यात न येता बसले होते. कस्तुरीनं कायद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं इतकी सुरेख दिली की मला वाटलं आता पुरे, आता हिला ह्यावरच घ्या. राज्यघटनेतलं एक कलम तिनं असं उलगडून सांगितलं की ते टक्कलवाले गृहस्थ पुढं सरकून बसले. मला मनात आशा वाटली, वेड्यासारखी, की ते विचारणारच नाहीत. मग बाई हसून म्हणाल्या, आता आम्हाला तुझ्याबद्दल सांग. आणि कस्तुरी बोलायला लागली. कोर्ट, व्हरांडा, पदर, शाई. जिथं थांबायचं तिथं थांबली. श्वास घेतला. टाइप करणाऱ्या प्राध्यापकानं हात थांबवले. बाईंनी चष्मा काढला. तेवढ्यात नुसती कायद्याची उत्तरं देणारी माझी मुलगी त्यांच्यासाठी दुसरीच कुणीतरी झाली, आणि त्यांना हीच जास्त आवडली हे दिसत होतं.

"आईंना घेता का जरा?" बाई म्हणाल्या. मी खुर्ची सरकवून कॅमेऱ्यापुढं आले. "मराठीत बोललेलं बरं पडेल ना तुम्हाला? मी सोपं सोपंच विचारते हं." वर्षानुवर्षं मी इंग्रजीत कंपनीचे करार लावतेय, पण म्हटलं, हो. त्यांचा आवाज फार मऊ होता. म्हणाल्या, कस्तुरीनं सांगितलं ते ऐकून आम्ही सगळेच हललो. तुमच्या आईंना अक्षरओळख नव्हती, नाही का? कस्तुरी माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडे बघत होती, तिच्या गळ्याची शीर उडत होती. सतरा वर्षांची पोर. मला चुलीपुढची जमीन दिसली, तिथं बोटानं काढलेला 'इं', त्याच्यावरचं टिंब आई नेहमी फार मोठं द्यायची.

"नव्हती," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. जपून, दुखवायचं नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "आणि हे सगळं झालं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

ह्या प्रश्नाची तयारी कुणीच केली नव्हती. गौरव सरांनी नाही, कस्तुरीनं नाही, मीही रात्रभर कूस बदलताना आईच्याच अक्षराचा विचार करत होते, माझा कुठं केला होता. मी तिथंच होते हो. आईच्या डाव्या बाजूला, खांबाला टेकून, लिंबाची पिशवी माझ्या हातात होती. ऊन व्हरांड्याच्या तिसऱ्या फरशीपर्यंत आलं होतं आणि माझे पाय अनवाणी होते म्हणून मी आतल्या फरशीवर उभी होते. मला ती जागा दिसत होती आणि त्या जागी आता कस्तुरी उभी होती, बहारीनच्या शाळेचे काळे बूट घालून. दोघींना उभं राहायला तिथं जागा नव्हती. मी एक शब्द बोलले असते तर ती तिथून हलली असती, आणि तिला जायला दुसरी कुठलीच जागा नव्हती.

"मी इथं होते," मी म्हटलं. "बहारीनला. ड्यूटीवर."

"म्हणजे एवढीशी पोर एकटीच होती आजीजवळ."

"हो."

"अशा वेळी आपण जवळ नव्हतो, ह्याचं आईला फार वाटत असेल."

"वाटतं," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला ते थांबवता येईना. बाईंचेही डोळे भरले. टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, बसा, बसा, पाणी घ्या, आणि त्यांनी आवाज बंद करून आपसात काहीतरी बोलून घेतलं. मग आवाज चालू करून ते म्हणाले की रीतसर पत्र येईल, पण कस्तुरीला आम्ही जुलैत भेटू. वर म्हणाले, हल्ली लोक पाठ करून येतात हो, खरं काय ते लगेच कळतं.

स्क्रीन बंद झाल्यावर कस्तुरीनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि ती खरंखुरं रडली, लहानपणी रडायची तशी, नाक माझ्या खांद्याला पुसत. म्हणाली, मम्मा, तू किती छान केलंस, शेवटचं तर सरांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती आपल्या खोलीत सरांना फोन लावायला गेली. मी साडी बदलली, कुकर लावला, आणि ह्यांचा फोन आला. मागं ग्राइंडरचा आवाज, म्हणून हे ओरडूनच बोलत होते.

"काय झालं?"

"झालं. घेतलं तिला."

"खरंच? शाब्बास. तुला काय विचारलं?"

"मी त्या दिवशी कुठं होते ते विचारलं."

"मग?"

"नव्हते म्हणून सांगितलं."